शेजारच्या वर्गातलं हसू

ती. ताई,

तुझ्या पायांना (गुडघे वगळून, ते दुखताहेत असं भाऊजींनी फोनवर सांगितलं) वाकून नमस्कार. भाऊजींचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. ते गोळ्या वेळेवर घेत नसतील तर हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस, आणि घेत असतील तरीही देऊ नकोस. मी बरी आहे. मध्यंतरी कानात सारखी घंटा वाजतेय असं वाटायचं म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी अर्धा तास दोन्ही कानांत डोकावून सांगितलं, की तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत. ताई, मी खट्टू होऊन घरी आले. कान बिघडलेले निघाले असते तर शेजारच्या वर्गातून दिवसभर ऐकू येणारं हसू हा माझ्या कानांचा दोष ठरला असता. आता ते खरंच आहे असं धरून चालावं लागेल.

कुणाचं हसू, ते सविस्तर लिहिते, कारण इथे कुणाला सांगायची सोय नाही. आमची शाळा तुला ठाऊक आहे. चौथीच्या माझ्या एका वर्गात एकतीस मुलं आणि त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा चौदा. (मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, हा आकडा रंगवून दाराशीच लावला आहे. पंधरावी भाषा आली की पाटी नव्याने रंगवायची म्हणून त्या रंगाचा डबा कपाटातच ठेवतात.) या चौदा भाषांच्या डोक्यावर शाळेची भाषा, आणि तिच्याही डोक्यावर मी एकोणीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे. माझी पद्धत तुला माहीत आहे. आधी ऐका, मग लिहा, मग तोंड उघडा. मुलं मला पाठीमागे 'मादाम चूप' म्हणतात. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, आणि मला ते नाव फारसं वाईट वाटत नाही हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तर अशी एकोणीस वर्षं सुखाने चालली असताना, या वर्षी मोठ्या बाईंनी जाहीर केलं की मुलांना आणखी एका परदेशी भाषेची निवड द्यायची. स्पॅनिश. त्यासाठी एका वर्षाच्या नेमणुकीवर एक नवी बाई आली. ती खोलीत शिरली की कागद उडतात, पडदे हलतात आणि कुणीतरी हसतं. मी मनातल्या मनात तिचं नाव 'झुळूक' ठेवलं आणि पहिल्या दिवशी खिडकी लावून घेतली.

तिला वर्ग कुठला द्यावा? तर माझ्या खोलीला लागून सामानाची खोली होती, ती रिकामी करून मध्ये प्लायवुडची भिंत घातली. ती भिंत इतकी पातळ आहे, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे मी 'जपून' म्हणते. मग आल्या निवडीच्या चिठ्ठ्या. मुलांनी घरी जाऊन आईबापांना विचारून खूण करून आणायची होती. मी काही कुणावर दबाव आणला नाही. फक्त त्या दिवशी फ्रेंचमध्ये एक छोटासा खेळ घेतला (एकोणीस वर्षांत पहिला). दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या मोजल्या. तेवीस स्पॅनिश, आठ फ्रेंच. त्या आठांतल्या दोघांच्या आयांनी चुकून वरच्या चौकोनात खूण केली होती, आणि एकाने मला आपलेपणाने सांगितलं, की स्पॅनिशच्या खोलीत खिडकी नाही म्हणून मी तुमच्याकडे आलो. पण खरी परीक्षा पुढेच होती. तिकडे खुर्च्या कमी पडत होत्या, इकडे उरत होत्या. आमचे शिपाईकाका दारात येऊन म्हणायचे, "बाई, एक खुर्ची नेऊ?" मी मान हलवायची. दोन मिनिटांनी परत, "बाई, अजून एक." अगं, एकदम चार-चार न्याव्यात की नाही! नाही. त्यांच्या कमरेत उसण भरली होती. तेवीस वेळा त्यांनी दार उघडलं आणि तेवीस वेळा मी अनियमित क्रियापद अर्ध्यात तोडलं.

हेवा हा माझा जुना आजार आहे, हे मी तुझ्यापासून कशाला लपवू? तुझ्या लांब केसांचा केला, तुझ्या अक्षराचा केला, तू शाळा तपासायला जायचीस तेव्हा तुझ्यासाठी गेटवर गाडी यायची तिचाही केला. पण तो घरगुती हेवा होता, पोटात ठेवला की पचायचा. हा पचेना. पलीकडे हसू फुटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि माझ्या हातातला खडू मोडायचा. शेवटी एक दिवस प्लायवुडच्या जोडाला फट सापडली (सापडली म्हणजे मी पट्टीने जरा मोठी केली) आणि तिथून मी तिचा वर्ग पाहिला. काय करत होती म्हणतेस? एका मुलाने घरून चमचा आणला होता. झुळूक म्हणे, याला तुझी आई काय म्हणते? त्याने सांगितलं. तिने तो शब्द म्हणून पाहिला, चुकली, वर्ग हसला. पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली. त्या पोराने तिला तीनदा सुधारलं, अगदी मास्तरासारखं बोट नाचवून. मग दुसरी मुलगी, तिच्या घरचा शब्द. असे सात-आठ चमचे झाल्यावर शेवटी स्पॅनिश चमचा आला, आणि तो तेवीस जणांनी एका दमात उचलला. मी फटीपासून दूर झाले. मनात म्हटलं, बाईलाच येत नाही, हिला शिकवायला ठेवलीय की शिकायला? आणि दुसऱ्या दिवशी मी घरून चमचा घेऊन शाळेत गेले.

हसू नकोस. नकला करायलासुद्धा अक्कल लागते, ती माझ्याकडे नव्हती. माझ्या आठांत एक मुलगी आहे, दोन घट्ट वेण्या घालते. तिची आजी तिला रोज गेटपर्यंत सोडायला येते, आणि आजीला शाळेची भाषा अजिबात येत नाही. मला वाटलं, या आजीला तिच्या भाषेत 'सुप्रभात' म्हणायचं, म्हणजे झुळूक बघत राहील. मी त्या वेण्यावालीला विचारलं, तुझी आजी सकाळी उठून खिडकीतून बाहेर बघत काय म्हणते? तिने जरा विचार केला आणि एक छानसं, लयीत चालणारं वाक्य सांगितलं. मी ते वहीत लिहून पाठ केलं. दुसऱ्या दिवसापासून गेटवर आजीसमोर उभं राहून, मान तुकवून, खणखणीत आवाजात ते म्हणू लागले. आजी पहिल्या दिवशी दचकली. दुसऱ्या दिवशी तिने आपला घागरा चाचपून पाहिला. तिसऱ्या दिवशी मागे वळून पाहिला. मला वाटलं, यांच्यात अभिवादन स्वीकारायची हीच रीत असेल, म्हणून चौथ्या दिवशी मीही माझी साडी चाचपली. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी आजी एका शेजारणीला दुभाषी म्हणून घेऊन आली. शेजारीण ओशाळून म्हणाली, "बाई, आजी विचारताहेत, तुम्ही रोज 'कपडे अजून ओलेच आहेत' असं का सांगता? त्या रोज कोरडेच घालून येतात हो."

(त्या मुलीची काही चूक नाही. आजी सकाळी खिडकीतून दोरीवरच्या कपड्यांकडे बघून तेच म्हणत असणार. मी विचारलं तसं उत्तर आलं.)

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण गेटवर फरशी आहे. आणि तेवढ्यात मागून कोण यावं? झुळूक. तिला सगळं कळलं. आता ही मला चिडवणार, म्हणून मी दात आवळून उभी राहिले. तर ती सरळ आजीपुढे गेली, मान तुकवली आणि माझंच ते वाक्य माझ्याच चालीत म्हणाली. आजी एवढी हसली, एवढी हसली, की तिला शेजारणीने धरलं. त्या दिवसापासून शाळेच्या गेटवर सगळेच एकमेकांना 'कपडे अजून ओलेच आहेत' म्हणतात. शिपाईकाका म्हणतात, बाकीच्या मुलांचे बाप म्हणतात, मोठ्या बाई म्हणतात. पालकांच्या सभेत त्यांनी सांगितलंसुद्धा, की आपल्या नव्या स्पॅनिशच्या बाईंनी शाळेला एक सुंदर अभिवादन दिलं. ताई, नऊ दिवस फजिती माझी झाली. निदान फजिती तरी माझ्या नावावर राहू द्यायची!

आता मौनीबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथे आहे. मौनी म्हणजे माझ्या आठांपैकी एक. हे नाव मी ठेवलेलं, तिच्यासमोर कधी घेत नाही. नऊ वर्षांची, गेल्या वर्षी दूरच्या देशातून आली, आणि तिची भाषा शाळेत दुसऱ्या कुणालाच येत नाही. चौदांपैकी एक भाषा तिच्या एकटीची. शाळेत पाऊल टाकल्यापासून सात महिने तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. बाप बस चालवतो, तो म्हणाला, घरी पोपटासारखी बोलते. मोठ्या बाईंनी बाहेरून दोन तज्ज्ञ आणून दाखवले, चित्रं दाखवली, बाहुल्या दाखवल्या. काही नाही. तिने मात्र चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने फ्रेंचपुढे खूण केली होती, आणि ती खूण मी जपून ठेवली आहे. माझ्या वर्गात तिला कुणी 'बोल' म्हणत नाही, ती खाली मान घालून सुरेख लिहिते. मला खात्री होती, की कधी बोललीच तर माझ्याशी बोलेल. पण मधल्या सुट्टीत ती कुठे जाते ते एकदा पाहिलं. झुळूकच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. झुळूक डबा खात स्वतःशीच गाणं म्हणत होती, आणि ही पाय हलवत बसली होती. माझ्या वर्गात तिने सात महिन्यांत एकदाही पाय हलवले नव्हते. त्या रात्री मी जेवले नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, जेवले. चव मात्र लागली नाही.

मग आला पाहणीचा दिवस. शिक्षण कार्यालयातून दोन माणसं येणार, पालक येणार, आणि मोठ्या बाईंचा हुकूम, की दोन्ही परदेशी भाषांनी मिळून एक कार्यक्रम करायचा. मी फ्रेंचमध्ये बारा ओळींचा संवाद लिहिला. झुळूक म्हणाली, मुलांनाच ठरवू देऊ या. आमचं तीन दिवस जुंपलं. (म्हणजे माझंच जुंपलं. ती 'बरं' म्हणत राहिली. असल्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीशी कुस्ती.) आणि नेमकं त्या सकाळी कळलं, की झुळूकचा घसा बसलाय, आवाज पार गेलाय, ती येणार नाही. ताई, तुझ्याशी खोटं बोलून जाणार कुठे? मला आनंद झाला. पायऱ्या चढताना मी गुणगुणत होते.

तो आनंद वर्गाच्या दारापर्यंत टिकला. एकतीसच्या एकतीस मुलं माझ्यापुढे बसली होती, मागे पालक, कडेला कार्यालयातले दोघे मांडीवर कागद घेऊन. मी फ्रेंचमध्ये 'सुप्रभात' म्हटलं. तेवीस तोंडं पडलेली, आठ तोंडं तेवीसांकडे बघणारी. बारा ओळींतल्या तीन झाल्या आणि चौथी ज्याची होती तो पोरगा दाराकडेच बघत राहिला. कुणी हसेना, कुणी बोलेना. मी एकोणीस वर्षं मुलांना गप्प बसवते आहे, पण इतकी गप्प मुलं मी पाहिली नव्हती. आणि त्या शांततेत तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला. मौनीचा.

मी मान हलवली. ती उभी राहिली आणि स्वच्छ, न अडखळता, फ्रेंचमध्ये म्हणाली, "मादाम, त्या दुसऱ्या बाई कुठे आहेत?"

क्रियापद जागेवर होतं. शब्दाला शब्द जिथे जोडायला हवा तिथे जोडलेला होता. मागे तिचा बाप उभा होता, त्याने टोपी काढून तोंडावर धरली. मला काय झालं ते सांगता येत नाही. एका डोळ्यातून आनंदाचं पाणी आलं आणि दुसऱ्यातून दुसरं. सात महिने मी ज्या आवाजाची वाट पाहिली तो माझ्या भाषेत आला, माझ्याकडे तोंड करून आला, आणि विचारलं काय, तर दुसरी कुठे आहे! मी म्हटलं, त्या आजारी आहेत. ती पुन्हा म्हणाली, "उद्या येतील?" 'उद्या'मधला तो नाकातला उच्चार नाकातच, जसा मी शिकवला तसा. मी 'हो' म्हटलं. मग मुलांना कंठ फुटला. आजारी बाईंना निरोप पाठवू या, असं कुणीतरी म्हणालं, आणि चौदा भाषांत 'लवकर बऱ्या व्हा' सुरू झालं. शेवटी स्पॅनिश आणि फ्रेंच. मौनीने आधी आपल्या भाषेत सांगितलं, ती शाळेने पहिल्यांदाच ऐकली, मग फ्रेंचमध्ये. कार्यालयातले दोघे भराभर लिहीत होते. माझ्या बारा ओळींपैकी नऊ कुणी ऐकल्या नाहीत आणि कुणाला त्यांची आठवणही झाली नाही.

संध्याकाळी मी झुळूकच्या घरी गेले. वाटेत ठरवलं, की सांगायचं, 'मौनी बोलली, माझ्याजवळ, फ्रेंचमध्ये.' काय बोलली ते सांगायचं नाही. तिने दार उघडलं, गळ्याला मफलर, हातात पाटी. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली. मी ठरवल्याप्रमाणे सांगितलं. तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला. मग पाटीवर लिहिलं, 'काय म्हणाली?' मी म्हटलं, "नमस्कार म्हणाली." तिने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, बराच वेळ लिहीत होती. मी वाचलं. 'मला तुमचा हेवा वाटतो. माझ्याकडे रोज येऊन बसते, एक शब्द बोलत नाही. मी फार वाट पाहिली.'

ताई, माझा हेवा! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा केला, तोही मला आवडणार नाही अशा वेळी. मला तोंडाने सांगवेना. मी पाटी ओढून घेतली आणि मौनीचं वाक्य जसंच्या तसं फ्रेंचमध्ये लिहून दिलं. तिने ते निरखून पाहिलं आणि खांदे उडवले. अगं, तिला फ्रेंच कुठे येतं! शेवटी सांगावंच लागलं. "तुमच्याबद्दल विचारत होती. दुसऱ्या बाई कुठे आहेत म्हणाली." ती खाली बसली आणि मफलरच्या टोकाने डोळे पुसू लागली. जरा सावरल्यावर वाक्यावर बोट ठेवून, हे कसं म्हणायचं, अशी खूण केली. मग मी तिला शिकवलं. ओठ असे, जीभ तशी. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते, आणि दोघी बायका नाक पुसत होत्या. एकोणीस वर्षांत इतकी गुणी विद्यार्थिनी मला मिळालेली नाही.

सोमवारी कार्यालयाचं पत्र आलं. पाहणीचा शेरा उत्तम आहे, मुलीचा उल्लेख आहे, फ्रेंचचं कौतुक आहे. आणि शेवटी लिहिलंय, की एक परदेशी भाषा इतकी परिणामकारक रीतीने शिकवली जात असताना दुसरीची गरज दिसत नाही, तरी स्पॅनिशच्या बाईंची नेमणूक वर्षअखेरीनंतर वाढवू नये. म्हणजे पुढच्या वर्षापासून एकतीसही मुलं पुन्हा माझी. प्लायवुडची भिंतही काढतील. मी मागितलं होतं ते सगळं मिळालं. तेव्हा माझी काळजी करू नकोस, मी अगदी मजेत आहे. गुडघ्यांना शेक देत जा, भाऊजींना माझा नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. – त्या पत्राखाली ज्या साहेबांची सही आहे, ते तुझ्या हाताखाली सात वर्षं होते ना? तू समोर आलीस की अजूनही उभे राहतात म्हणे. त्यांना फोन कर. शुक्रवारनंतर हुकूम पक्का होईल, म्हणून हे पत्र वाचून झाल्या झाल्या कर. सांग, की त्या मुलीला बोलतं करायला दोन बाया लागल्या, एकीने भागलं नसतं. मी काही झुळूकसाठी म्हणत नाही हं. मुलीने 'उद्या येतील?' असं विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर 'हो' म्हटलंय. भविष्यकाळ शिकवणाऱ्या बाईला खोटं पडून चालत नाही.

आणखी एक ता. क. – माझं नाव कुठेही येता कामा नये. झुळूकला कळलं तर ती पुन्हा मिठी मारेल, आणि चष्मा आत्ताच सरळ करून आणलाय.

शेवटचा ता. क. – साहेबांपुढे तिची फार स्तुती करू नकोस. 'बरी शिकवते' एवढं पुरे. त्याहून जास्त तुझ्या तोंडून मला ऐकवणार नाही, ताई. तू माझीसुद्धा कधी केलेली नाहीस.